सिझरनंतर सुटलेलं पोट, हरवलेली कंबर: लायपो, टमी टक की बरगड्या?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, राहणार इंदिरानगर, दोन सिझर, धाकटा पाच वर्षांचा. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६३ किलो. वर्षभर रोज सकाळी ट्रॅकवर चालून ७ किलो उतरवले, पण खालचं पोट जसंच्या तसं. एका डॉक्टरांनी लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढणं, सांगितलं. दुसऱ्यांनी टमी टक, म्हणजे सैल कातडी कापून पोटाचे स्नायू शिवणं. त्यात मोबाईलवर बरगड्या वाकवून कंबर बारीक केल्याचा व्हिडिओ बघितला, तेव्हापासून डोकं गरगरतंय. खरं काय, कंबर परत येते का, किती दिवस घरी बसावं लागेल, आणि मे महिन्यात दिराचं लग्न आहे त्याआधी उरकेल का?

ताई, मी प्लास्टिक सर्जन आहे, नाशकात २२ वर्षं हेच काम करते. दोघा डॉक्टरांनी दोन नावं सांगितली म्हणून एक जण खोटा ठरत नाही. आपण ज्याला सरसकट ‘पोट’ म्हणतो त्यात चार वेगळ्या गोष्टी असतात. वर कातडी, तिच्याखाली चरबीचा थर, त्याखाली स्नायूंची भिंत, आणि भिंतीच्या आत आतड्यांभोवती साठलेली चरबी. लायपो फक्त दुसऱ्या थरावर चालतं. टमी टक मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्यावर. चौथ्यावर आमची सुरी चालत नाही, तिथे जिभेवर ताबा आणि पायांना काम हाच उपाय. तेव्हा आधी तुमच्या पोटात यातलं काय बिघडलंय ते बघायचं, नाव नंतर.

घरीच करून बघा. सकाळी, रिकाम्या पोटी, पलंगावर उताणं झोपा. पोट बरगड्यांच्या पातळीखाली सपाट बसलं तर आतली चरबी फार नाही. झोपल्यावरही घुमटासारखं वरच राहिलं तर दोष आतला आहे. आता गुडघे वाकवून, बेंबीच्या दोन बोटं वर हाताची बोटं आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला. दोन्ही बाजूंना कडक पट्टे लागतील. मधे दोन बोटांहून जास्त पोकळी लागली, किंवा मधोमध उभा उंचवटा वर आला, तर स्नायू फाकलेले आहेत. दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर २ सेंटिमीटरपेक्षा जास्त असलं की आम्ही त्याला डायस्टॅसिस म्हणतो. शेवटी उभं राहून कमरेत थोडं पुढे वाका आणि आरशात बघा. सिझरच्या व्रणावर कातडीची घडी पडदा सोडल्यासारखी लोंबत असेल, तर ती कातडी कितीही चाललात तरी आत जाणार नाही. ती ताणून सैल झाली आहे, लवचिकपणा गेला आहे.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुमच्यात कातडी आणि स्नायू हेच मुख्य. चालून ७ किलो गेले आणि तरी पोट तसंच राहिलं, म्हणजे चरबीनं तिचं काम केलं. नुसतं लायपो केलं तर आतला कापूस काढलेल्या उशीसारखी अवस्था होईल, खोळ तेवढीच, आत भरायला कमी. अशा पेशंट माझ्याकडे वर्षाला दोन-चार तरी येतात. लायपो व्यवस्थित झालेलं असतं, पण पोट आधीपेक्षा जास्त लोंबतं. त्यात पहिल्या सर्जनच्या हाताचा दोष क्वचितच असतो. चूक निवडीत झालेली असते.

तरी लायपोबद्दल नीट समजून घ्या, कारण तुमच्या कमरेला ते लागणारच आहे. १९७० च्या दशकात इटलीत फिशर बापलेकांनी आणि पॅरिसमध्ये इलूझ यांनी हे तंत्र उभं केलं. सुरुवातीला रक्तस्राव फार व्हायचा. १९८७ मध्ये जेफ्री क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञानं चरबीत आधी भरपूर सलाईन, त्यात बधिर करणारं लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आवळणारं ॲड्रेनालिन सोडायची पद्धत मांडली, आणि सगळं बदललं. आज आम्ही तेच करतो. चरबी फुगून घट्ट होते, मग ३-४ मिलिमीटरच्या बोथट नळीनं, म्हणजे कॅन्युलानं, ती ओढून घ्यायची. टोक धारदार नसतं हे महत्त्वाचं. रक्तवाहिन्या आणि नसा बाजूला सरकतात, चरबी नळीत येते. व्हेसर, लेझर, पॉवर असिस्टेड अशी यंत्रं जाहिरातीत दिसतात. त्यांनी सर्जनचे कष्ट कमी होतात, काही ठिकाणी थोडी सफाई येते. पण आकार घडतो तो डाव्या हाताच्या पंज्यात. उजवा हात नळी फिरवतो आणि डावा वरून सतत चाचपत राहतो, किती उरलं, कुठे थांबायचं. वर १ सेंटिमीटर तरी चरबी ठेवावीच लागते, नाहीतर कातडी खाली चिकटून खड्डे पडतात.

एका वेळी एकूण ५ लिटरच्या वर ओढलं तर ते मोठं लायपोसक्शन मानतात. मग रात्रभर रुग्णालयात ठेवणं, रक्तदाब, लघवीचं प्रमाण बघणं हे सगळं आलं. ‘सकाळी १० लिटर काढू, संध्याकाळी घरी’ असं कुणी म्हणालं तर चप्पल घालून सरळ बाहेर पडा.

आणि लायपोनं शुगर, कोलेस्टेरॉल सुधारेल ही आशा सोडून द्या. २००४ मध्ये अमेरिकेत लठ्ठ स्त्रियांवर याचा नेमका अभ्यास झाला होता. सरासरी ९ ते १० किलो चरबी पोटावरून काढूनही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. कारण काढलेली चरबी कातडीखालची होती. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले पन्नाशीचे साहेब टणक ढेरी घेऊन माझ्याकडे येतात आणि ‘ओढून टाका’ म्हणतात. त्यांना मी पांडवलेणीच्या पायऱ्या दाखवते. एखादा रुसतो, पण ती ढेरी आतली असते आणि तिथे नळी घालणं म्हणजे आतड्याला भोक पाडणं.

आता टमी टक. वैद्यकीय नाव ॲब्डॉमिनोप्लास्टी. ओटीपोटावर, या कमरेच्या हाडापासून त्या हाडापर्यंत आडवा छेद. बेंबी तिच्या देठासकट सोडवून जागेवर ठेवायची, कातडी आणि चरबीचा पदर वर बरगड्यांपर्यंत उचलायचा, फाकलेले स्नायू छातीच्या हाडापासून खालपर्यंत मधोमध शिवून जवळ आणायचे, मग पदर खाली ओढून जास्तीचा कापायचा आणि बेंबीला नवं भोक करून बाहेर काढायची. सिझरचा जुना व्रण बहुतेक वेळा कापलेल्या भागातच निघून जातो. स्ट्रेच मार्क बेंबीखालचे जातात, वरचे राहतात, फक्त खाली सरकतात. हे आधी सांगितलं नाही तर नंतर भांडण होतं, म्हणून सांगते.

कंबर कुठून येते, हा तुमचा खरा प्रश्न. मधोमध नुसतं खाली ओढून कंबर येत नाही, उलट पोट चौकोनी पाटासारखं दिसतं. जुन्या काळच्या टमी टकमध्ये हेच व्हायचं. कंबर तीन गोष्टींनी येते. स्नायू शिवले की कमरेचा घेर आतून आवळला जातो. बाजूच्या वळ्या, म्हणजे ब्लाउज आणि परकराच्या मधे जे बाहेर येतं ते, लायपोनं कमी करता येतं. आणि कातडीचा ताण मधे कमी, बाजूंना जास्त ठेवायचा. ही तिसरी युक्ती अमेरिकी सर्जन टेड लॉकवुड यांनी १९९५ मध्ये मांडली. त्याआधी १९९१ मध्ये त्यांनीच चरबीच्या मधोमध असलेल्या चिवट पापुद्र्याचं महत्त्व दाखवून दिलं होतं. साडीला फॉल लावतो ना, तसं ते आहे. ओढ फॉलनं झेलायची, वरच्या तलम कापडानं नाही. ताण त्या पापुद्र्यावर घेतला की वरचा व्रण बारीक राहतो, रुंद होत नाही.

लायपो आणि टमी टक एकाच वेळी करू नये असं आम्हाला शिकताना बजावलं होतं, कारण कातडीचा रक्तपुरवठा तुटायची भीती. २००१ मध्ये ब्राझीलच्या साल्दान्या यांनी दाखवलं की पदर सगळीकडे मोकळा न करता फक्त मधला बोगदा केला आणि बाजूच्या रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या, तर दोन्ही एकत्र करता येतात. तुमच्यासाठी मी हीच पद्धत निवडेन, अर्थात तपासल्यावर. पोटावर पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा, उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण असेल तर मात्र बेत बदलतो. वरून येणारं रक्त त्या व्रणापाशी अडतं.

छेद कुठे घ्यायचा यावर मी बराच वेळ घालवते. आदल्या दिवशी पेशंटला तिचा रोजचा परकर नेसून उभं करते आणि नाडी जिथे बसते तिथे पेननं रेघ मारते. आपल्या बायकांच्या कमरेवर नाडीची काळपट खूण असतेच. व्रण बरोबर त्या रेघेवर आला तर पुढची वर्षभर नाडी त्यावर घासत राहते, खाज, चुरचुर, व्रण जाड. म्हणून रेघेच्या चांगली तीन-चार बोटं खाली जायचं. परदेशी पुस्तकांत बिकिनीची रेघ असते, माझ्या ओपीडीत परकराची असते.

लोंबणाऱ्या कातडीचं प्रमाण फार असेल, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरीनंतर, वजन उतरवायच्या जठराच्या शस्त्रक्रियेनंतर, ४०-५० किलो उतरलेले लोक, त्यांना पुढचं टमी टक पुरत नाही. कातडी मागेही, कुल्ल्यांवर आणि मांड्यांच्या बाहेरच्या बाजूलाही ओघळलेली असते. त्यांना कंबरपट्ट्यासारखा पूर्ण गोल छेद, याला लोअर बॉडी लिफ्ट म्हणतात. आधी पालथं, मग उताणं, पाच-सहा तासांचं काम. वजन किमान सहा महिने स्थिर हवं, हिमोग्लोबिन आणि प्रोटीन चांगलं हवं. तुमच्या प्रश्नात हे येत नाही, पुढे जाते.

बरगड्यांचं. माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या. शेवटच्या दोन पुढे कशालाच जोडलेल्या नसतात, त्यांना तरंगत्या बरगड्या म्हणतात. त्या काढून टाकायच्या, किंवा मागून बारीक छेद घेऊन बाहेरचं कवच कापायचं आणि तीनेक महिने घट्ट कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारा पट्टा, बांधून त्यांना आत वळलेल्या जागी जुळू द्यायचं, असं करणारे सर्जन जगात आहेत. हाडाच्या अगदी मागे फुफ्फुसाचं आवरण असतं. त्याला भोक पडलं तर छातीत हवा शिरते. अकरावी आणि बारावीच्या आड मूत्रपिंडं असतात. ती हाडं आतल्या अवयवांचं कुंपण आहे. मी हे करत नाही. पण माझी भीती बाजूला ठेवली तरी तुमच्या बाबतीत उत्तर तेच. लग्नाच्या फोटोत तुमची कंबर होती ना? तेव्हाही बरगड्या ह्याच होत्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘३६० लायपो’च्या, म्हणजे कमरेभोवती सगळ्या बाजूंनी केलेल्या लायपोच्या, जोडीला काढलेली चरबी कुल्ल्यांत भरायचं पॅकेज देतात, म्हणजे कंबर आणखी बारीक वाटते. चरबी स्नायूत गेली तर तिथल्या मोठ्या शिरांतून थेट फुफ्फुसात पोचते आणि माणूस टेबलावर दगावतो. २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन इशारा दिला होता. तेव्हा मृत्यूचा अंदाज होता ३००० मागे १, सौंदर्याच्या शस्त्रक्रियेत कधी न ऐकलेला आकडा. चरबी फक्त कातडीखाली भरायची, स्नायूत कधीच नाही, हा तेव्हापासूनचा दंडक. तुम्हाला याची गरज नाही.

टमी टकमध्ये मला सगळ्यात धास्ती पायातल्या रक्ताच्या गुठळीची असते. पोटरीत झालेली गुठळी फुफ्फुसात गेली तर जीव जातो. म्हणून त्याच संध्याकाळी धरून चालवायचं, पायांना दाबाचे मोजे, आणि धोका जास्त असेल त्यांना रक्त पातळ करणारं इंजेक्शन. गर्भनिरोधक गोळ्या चार आठवडे आधी बंद. इथे एक गोष्ट बायका सांगत नाहीत, कारण ती त्यांना औषधच वाटत नाही: पाळी पुढे ढकलायची गोळी. पूजा आहे, त्र्यंबकला जायचंय, नणंदेचं डोहाळजेवण आहे, की मेडिकलमधून आणून घ्यायची. तीही गुठळीचा धोका वाढवते. शस्त्रक्रियेच्या आगेमागे घेतली असेल तर लाजू नका, सांगा.

तशीच दुसरी मशेरी. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की नाही म्हणतात. ‘मशेरी लावता का?’ विचारलं की म्हणतात, ‘ती तर दातांना.’ निकोटीन हिरडीतून गेलं काय आणि धुरातून गेलं काय, कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतंच. माझी एक पेशंट, निफाडकडची. सगळं छान झालं, पण चौथ्या दिवशी बेंबीखाली मधोमध, जिथे रक्त सगळ्यात शेवटी पोचतं, तिथे कातडी निळसर, मग काळी पडली. तळहाताएवढा भाग. सासूच्या डबीतली मशेरी दिवसातून चार वेळा चालू होती, दवाखान्यातसुद्धा. ती जखम भरायला अडीच महिने ड्रेसिंग लागलं. चूक तिची एकटीची नाही, मी ‘तंबाखू’ एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून मी मशेरी, तपकीर, गुटखा, सिगरेट एकेक नाव घेऊन विचारते. चार आठवडे आधी बंद, चार आठवडे नंतरही बंद.

दिवसांचं गणित. दोन रात्री रुग्णालयात. पोटात एक-दोन नळ्या, त्यातून लालसर पाणी येतं. २४ तासांत ३० मिलिलिटरच्या खाली आलं की काढतो, साधारण आठवडाभरात. हल्ली मी पदर खालच्या भिंतीला आतून जागोजागी टाके घालून बसवते, गोधडीला धावदोरा घालतात तसा, म्हणजे मधे पाणी साठायला पोकळीच राहत नाही. पहिला आठवडा कमरेत वाकून, आजीबाईसारखं चालायचं. ताठ उभं राहायचा हट्ट धरला तर टाक्यांवर ताण. झोपतानाही पाठीमागे उशा, गुडघ्याखाली उशी. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर आधीच कमोडची खुर्ची आणून ठेवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथणं म्हणजे आतले टाके ओढणं. टेबलाचं काम दोन ते तीन आठवड्यांनी, स्कूटर साधारण चार आठवड्यांनी, पाण्याची कळशी, गॅसचं सिलिंडर, पाच वर्षांचा मुलगा कडेवर, हे सगळं सहा ते आठ आठवडे नाही. दिंडोरी-पिंपळगावच्या बागाईतदारणींना मी द्राक्षाच्या हंगामात तारीखच देत नाही. क्रेट उचलणार नाही म्हणतात आणि उचलतात.

सहा आठवडे कम्प्रेशन गारमेंट, म्हणजे पोट आवळून धरणारा घट्ट कपडा, अंघोळीपुरता काढायचा. बेंबीखालची कातडी काही महिने बधिर राहते. दुखतंय म्हणून आई किंवा सासू प्रेमानं शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी आणेल, ती अजिबात ठेवू देऊ नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं. बाळंतपणात पोट बांधतात त्या सवयीनं लुगड्याचा पट्टाही आवळू नका, गारमेंट पुरे.

व्रण मात्र राहणार. पहिले सहा महिने लालसर, मग आपल्या रंगावर काळपट, वर्ष-दीड वर्षानं फिका. सिलिकॉन जेल लावायचं. तुमचा सिझरचा व्रण कसा भरला तो बघा, तो जाड, गाठीसारखा उठला असेल तर हाही उठू शकतो, तेव्हा आधी त्यावर बोलू. सपाट पोटाच्या बदल्यात एक लांब रेघ, हा सौदा ज्यांना मान्य नाही त्यांनी टमी टक करू नये, आणि असं ठरवून परत गेलेल्या बायका मला शहाण्या वाटतात. स्नायू फार फाकलेले नसतील तर चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे तीन-चार महिने पोटाचे खोल व्यायाम करूनही पोटा-पाठीत ताकद येते, कंबर थोडी आवळते. क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचा व्यायाम, नको, त्यात उंचवटा वर येतो. आणि तिसऱ्या मुलाचा विचार मनात असेल तर आत्ता काहीच करू नका.

पैशाचं एवढंच सांगते. मेडिक्लेममध्ये सौंदर्याची शस्त्रक्रिया बसत नाही, आणि अशा शस्त्रक्रियेच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. सोबत हर्निया असेल तर त्याचं बिल वेगळं कसं होईल ते विमा कंपनीला आधी विचारा. कोट घेताना भूलतज्ज्ञ, गारमेंट, ड्रेसिंग आणि पुन्हा टाके घालायची वेळ आली तर तो खर्च धरला आहे का, हे लिहून मागा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवरून बघता येतं. सलूनच्या वरच्या मजल्यावर भूल देत असतील तर फी कितीही कमी असो, नको.

आता मे महिन्यातलं लग्न. आत्ता जानेवारी संपतोय. फेब्रुवारीत केलं तर दिवस मोजून बसतं, सूज साधारण तीन महिन्यांत उतरते. तरी मी तुम्हाला आत्ता करू नका असंच सांगेन. तुम्ही घरातल्या थोरल्या सूनबाई. लग्नघरात रुखवत, पाहुणे, भांडी, सगळं तुमच्या अंगावर येणार, आणि ‘डॉक्टरांनी उचलायला नाही सांगितलंय’ हे वाक्य तुम्ही दुसऱ्यांदा म्हणणार नाही. शिवाय एप्रिलच्या उन्हात घट्ट गारमेंट घालून बघा, घामोळं येऊन टाक्यांपाशी कातडी सडते. लग्न होऊ द्या. जूनमध्ये पाऊस पडला, मुलांच्या शाळा सुरू झाल्या की या. येताना दोन्ही सिझरची डिस्चार्ज कार्डं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि रोज नेसता तो परकर घेऊन या.